सोन्नरमामांची पाण्यावरची विमानं

सोन्नरमामांच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असायच्या. सहा इंची स्टीलची पट्टी आणि एक काळा कंगवा. कंगवा वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पट्टी मात्र दिवसभर आत-बाहेर चालायची. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकदा त्यांनी पोळीची जाडी मोजली होती आणि वाढणाऱ्याला शांतपणे सांगितलं होतं, "कालच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी हाय." तो हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी हा विनोद केलेलाच नव्हता.

वाळूजच्या एका कारखान्यात मी डिझाइन विभागात शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा ते टूलरूममध्ये पंचवीस वर्षं मुरलेले होते. पत्र्याचे भाग ज्या साच्यांत दाबून तयार होतात, ते साचे आम्ही कॉम्प्युटरवर काढायचो. यंत्रावर ते कापले जायचे आणि शेवटचा हात मामांचा. कानस, पॉलिशपेपर आणि बोटं. यंत्राला जे जमत नाही ते त्यांनी करायचं, अशी वाटणी होती. पगाराची वाटणी अर्थात उलटी होती.

माझं पहिलं ड्रॉइंग खाली गेलं त्या दिवशी ते वर आले. आमच्या केबिनच्या दाराशी त्यांनी बूट काढले. तिथं कुणीच बूट काढत नसे. कागद माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी आतल्या एका काटकोनी कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"म्याडम, हा कोपरा कशानं काढू? नखानं?"

मी म्हटलं, स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय.

"दिसंल की. कागदाला घाम येत नाय."

मी तिथं गोलाई देईपर्यंत ते उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नंतरची आठ वर्षं माझं एकही ड्रॉइंग त्यांना दाखवल्याशिवाय सहीला गेलं नाही. त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. फार झालं तर "बरं हाय." एकदा एक अवघड साचा पहिल्याच दाबात जुळला. मामांनी हातातल्या चिंध्यांनी एकेक बोट पुसलं, करंगळीपर्यंत आले आणि म्हणाले, "बरं हाय." तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होते.

बाकी माणूस गोड अजिबात नव्हता. हाताखालच्या लोकांना ते सगळ्यांसमोर बोलत. केलेलं काम न सांगता पुसून पुन्हा करायला लावत. रजेसाठी कुणी खोटं कारण सांगितलं तर महिनाभर त्याच्याशी बोलत नसत. भावाच्या मुलीच्या लग्नाला ते गेले नाहीत, कारण त्या दिवशी त्यांनी घरी काहीतरी चिकटवून ठेवलं होतं आणि ते चोवीस तास हलवायचं नव्हतं. हे मला मामींनी सांगितलं, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या.

ते काहीतरी म्हणजे विमान होतं.

मला ते कळलं एका दुपारी. जेवणाच्या सुटीत मामा चार घड्या घातलेला एक छापील कागद घेऊन आले. शहागंजात जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडं त्यांना बरीच वर्षं आधी एक फाटकं इंग्रजी मासिक मिळालं होतं, त्यातलं हे पान.

"हे काय लिवलंय, वाचून सांगता का? आयटीआयला इंग्रजी होतं, पर ते मशिनीपुरतं."

पानावर एका लढाऊ विमानाचा फोटो होता. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं स्पिटफायर. पण त्याला चाकं नव्हती. चाकांच्या जागी दोन लांब होड्या होत्या, आणि विमान त्या होड्यांवर पाण्यात उभं होतं. मी वाचून दाखवलं. ज्या बेटांवर धावपट्टी करायला जागा नाही, तिथं पाण्यावरूनच उडता-उतरता यावं म्हणून नेहमीच्या लढाऊ विमानाला होड्या बसवल्या होत्या. अगदी थोडी विमानं अशी केली. इजिप्तपर्यंत पाठवली. तिथल्या एका खाऱ्या सरोवरावर ती थांबली. पण तोवर लढाईची गरज बदलली, आणि ती एकदाही लढली नाहीत.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "मंग त्यांचं काय केलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"नाय व्हय," ते म्हणाले, आणि कागदाची घडी पहिल्यासारखीच चार पदरी घालून खिशात पट्टीमागं सारली.

त्यानंतर दर आठवड्याला माझ्याकडं वाचायला काहीतरी येऊ लागलं. नंतर मीच इंटरनेटवरून शोधून छापून देऊ लागले. मोबाइलवर पाहायला ते तयार नसत. "त्याच्यावर पट्टी लावता येत नाय," म्हणत. मला विमानांतलं काही कळत नव्हतं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. पण फोटो बघून ते जे ओळखत, ते खाली लिहिलेलं सापडायचं. एकदा त्यांनी शेपटीखालची पंखासारखी एक जास्तीची पट्टी दाखवली. "ही पट्टी जमिनीवरच्या इमानाला नाय. इथं का लावली सांगू? पुढं होड्या आल्या. वारा आडवा लागला की नाक फिरणार. मंग शेपूट मोठं पायजे." मी पुढचा परिच्छेद वाचला, आणि तिथं हेच होतं. जपान्यांनी त्यांच्या झिरो विमानाला पोटाखाली एक मोठी होडी आणि पंखांखाली दोन लहान होड्या दिल्या होत्या. "आई आन् दोन लेकरं," मामा म्हणाले. अमेरिकनांनी त्यांच्या वाइल्डकॅटला होड्या लावून पाहिल्या, पण वेग इतका पडला की नाद सोडला. हे ऐकून मामांनी फोटोतल्या होडीवर पट्टी लावून पाहिली. मग म्हणाले, "लावणाऱ्याची चूक नाय ती. ज्यानं सांगितलं त्याची."

बजाजनगरात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मामींनी चहा केला आणि मामा फळीपुढं उभे राहिले, ओळख करून द्यायला उभं राहावं तसे. फळीवर सात विमानं होती. सगळी लढाऊ, सगळी होड्यांची. एकही चाकाचं नाही. प्लास्टिकचे विकतचे संच असतात, त्यांतलं एकही नव्हतं. शेवरीचं हलकं लाकूड, कागद, तारा, आणि गाड्यांचे पोचे बुजवायची पुट्टी. होड्यांचं विमान आपलं आपण उभं राहत नाही, म्हणून प्रत्येकाखाली छोटी चाकांची गाडी होती. खरी विमानंही पाण्याबाहेर काढताना तशाच गाडीवर ओढायचे. मामा आधी गाडी करत, मग विमान.

"यांना पाण्यात सोडलंय?" मी सहज विचारलं.

मामींनी कपाळाला हात लावला. "घ्या. आता धुण्याचा टब गेला."

मामांनी टब भरला. एक विमान दोन्ही हातांनी उचलून पाण्यावर ठेवलं आणि हात काढून घेतले. ते थोडं हललं आणि स्थिर झालं. होडीच्या कडेला पेन्सिलची अगदी बारीक रेघ होती. पाणी बरोबर त्या रेघेपाशी थांबलं होतं.

"खऱ्याला जिथवर पाणी लागत हुतं, तिथवरच याला लागलं पायजे," ते म्हणाले. "नायतर ते खेळणं."

त्यासाठी वजन जुळावं लागतं. खऱ्याच्या चोविसाव्या भागाचं विमान करायचं तर लांबी चोवीसनं भागायची, हे त्यांना ठाऊक होतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात म्हणून वजन तीनदा चोवीसनं भागावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं. आठ वर्षांत मी त्यांना शिकवलेली ही एकच गोष्ट. लाकूड आतून कोरत, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवत, पुन्हा कोरत, ते पाव किलोच्या आसपास आणत. दुकानदारानं एकदा विचारलं, काय आहे? मामा म्हणाले, "इमान." तो म्हणाला, "पाव किलो इमान?" हे मामांनी मला सांगितलं आणि तेव्हा ते हसले. मी पाहिलेलं त्यांचं हसू बहुधा तेवढंच.

त्यांना समुद्र ठाऊक नव्हता. सिल्लोडच्या पुढं त्यांचं गाव. वडील आणि भाऊ मेंढ्या घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर. मामाही बाराव्या वर्षापर्यंत कळपामागं चालले. मग शाळेतल्या एका गुरुजींनी हट्टानं ठेवून घेतलं, पुढं आयटीआयला घातलं. मेंढ्या गेल्या, भाऊ मका-कापसाच्या शेतावर आणि मजुरीवर आले. मामा एकटे कारखान्यात. "पाणी म्हंजी आमाला मेंढ्या पाजायची जागा," एवढंच ते या विषयावर बोलले. होड्यांचीच विमानं का, हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते नीट सांगता येत नसावं. प्रत्येक आवडीला कारण असतंच असं नाही.

शहरात विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी लोकांचं एक छोटं मंडळ होतं. डॉक्टर, इंजिनिअर, एक-दोन प्राध्यापक. परदेशातून महागडे संच मागवायचे, सुबक रंगवायचे. त्यांचं प्रदर्शन होतं. मी मामांना घेऊन गेले. एका डॉक्टरांनी मामांचं विमान फिरवून पाहिलं.

"छान. संच कुठला?"

"संच नाय. लाकूड हाय."

"अच्छा. मग हे हस्तकलेत ठेवू या. तिकडं, मुलांच्या टेबलाशेजारी."

मामांनी मान हलवली. मग त्यांनी बाहेर जाऊन हॉलच्या रखवालदाराकडून एक घमेलं मागून आणलं, त्यात पाणी भरलं, आणि आपलं विमान त्यात ठेवलं. लोक जमले. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांचं स्वतःचं जपानी होड्यांचं विमान होतं, अगदी देखणं. मामा म्हणाले, "तुमचंबी ठिवा की, डॉक्टरसाहेब."

लोक बघत होते म्हणून डॉक्टरांना ठेवावं लागलं. ते नाकावर कलंडलं, सांध्यांतून पाणी आत गेलं आणि घमेल्याच्या तळाला टेकलं. मामांनी ते बाहेर काढलं, आपल्या रुमालानं पुसलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. एक शब्द बोलले नाहीत. रिक्षात मी म्हटलं, मामा, हे करायला नको होतं, ती मॉडेलं फक्त ठेवायला असतात. ते म्हणाले, "मंग होड्या कशाला लावल्या?" त्यांच्या गप्प बसण्यात एक क्रूरपणा होता, तो मला त्या दिवशी दिसला. मंडळानं पुन्हा कधी बोलावलं नाही.

पुढचं सगळं माझ्यामुळं झालं.

आमच्या विभागाचे प्रमुख देवधर. त्यांना मी एकदा कौतुकानं मामांच्या विमानांचे फोटो दाखवले. देवधर वाईट माणूस नव्हते. वाढदिवस लक्षात ठेवायचे. काही महिन्यांनी कारखान्याचं एक मोठं परदेशी गिऱ्हाईक येणार होतं; त्या पाहुण्यांना जुन्या लढाऊ विमानांचा नाद आहे असं देवधरांना ठाऊक होतं. त्यांनी मामांना बोलावलं आणि होड्यांचं स्पिटफायर करून मागितलं.

"साहेब, कामाच्या टायमात?"

"छे, छे. घरी. पण कारखान्याच्या इभ्रतीचं आहे, सोन्नर."

मामांनी सात महिने घेतले. ते स्पिटफायर मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड फूट. नाकावरच्या पंख्याची चार पाती. खाली फूटभर लांब दोन होड्या, आणि होड्यांच्या तळाला मध्यावर ती पायरी, जिच्यामुळं विमान वेग घेताना पाण्यातून सुटतं. ती पायरी त्यांनी तीनदा मोडून पुन्हा केली. या होड्यांसाठी मात्र त्यांनी लाकूड वापरलं नाही. आमच्याकडं साच्यांचे नमुने करायला एक पिवळट बोर्ड यायचा. लाकडासारखा तासता येतो, पण त्याला रेषा नसतात, फुगत नाही. त्याचे उरलेले तुकडे भंगारात जायचे. मामांनी देवधरांना विचारलं, चार तुकडे नेऊ का? मी तिथंच उभी होते.

"अरे ने की. कचराच तो. लागतील तेव्हा ने. गेटपासचं मी सांगून ठेवतो."

हे त्यांचे शब्द. मला ते तेव्हाही नीट ऐकू आले होते.

पाहुणे आले त्या दिवशी मामा घरून इस्त्रीचा शर्ट घालून आले. वर काचेच्या खोलीत समारंभ होता. देवधरांनी भाषणात सांगितलं, ही आमच्या डिझाइन विभागाची भेट. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी माझाही हात हातात घेतला. मामांना वर बोलावण्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. काचेतून मला खालचं टूलरूम दिसत होतं. मामा इस्त्रीच्या शर्टावर निळा कोट चढवून बाकावर काम करत होते आणि मध्येच वर पाहत होते.

संध्याकाळी त्यांनी मला एवढंच विचारलं, "उलटं करून बघितलं का त्यांनी? होडीखाली?"

"हो," मी म्हटलं. पाहुण्यांनी उलटं केलं नव्हतं.

दोन दिवसांनी हॉटेलातून फोन आला. पाहुणे निघून गेले होते आणि विमान खोलीतच राहिलं होतं. बॅगेत बसलं नसावं. ड्रायव्हर जाऊन घेऊन आला. आणताना एक होडी तुटली. एच.आर.च्या खोलीत लोखंडी कपाटावर ते ठेवलं गेलं. मी ते पाहिलं. मामांना सांगितलं नाही.

कसं सांगणार होते? ते दर थोड्या दिवसांनी विचारायचे, "पोचलं असंल ना नीट?" मी म्हणायचे, पोचलं मामा. "समुद्रावरनंच गेलं असंल," ते म्हणायचे. कधी म्हणायचे, "त्यास्नी म्हणावं एक फोटो पाठवा. कुठं ठिवलंय तेवढं बघू." मी म्हणायचे, विचारते. दीड वर्ष मी हे चालवलं. खोटं बोलतेय असं मला त्यात वाटायचं नाही. आपण एका माणसाचा आनंद सांभाळतोय, असं मी स्वतःला सांगत होते.

मग गेटवर सुरक्षेचं कंत्राट बदललं. नव्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात मामांची पिशवी उघडली. डब्याखाली पिवळ्या बोर्डाचे तीन तुकडे निघाले. झिरोच्या पोटाखालच्या होडीसाठी नेत होते. गेटपास नव्हता. देवधरांनी सांगून ठेवतो म्हटलं होतं, ते कधी सांगितलंच नव्हतं.

मला वाटलं दहा मिनिटांत मिटेल. मिटलं नाही. त्या वर्षी वरून आदेश होते, चोरीच्या बाबतीत कुणाला सूट नाही. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. चौकशी लागली. एच.आर.च्या खोलीत तिथला अधिकारी, सुरक्षेचा माणूस, देवधर आणि समोर मामा. साक्षीदार म्हणून मी. माझं नाव मामांनीच दिलं होतं.

देवधर आधीच बोलले होते. तुकडे मागितल्याचं आठवतं, पण ते एकदाच, त्या भेटीच्या विमानापुरतं. कायमची परवानगी दिली नव्हती. बोलताना त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला होता आणि त्याच्याकडंच पाहत होते.

"म्याडमना इचारा," मामा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. खात्री होती. "म्याडम हुत्या तिथं. लागतील तवा ने, असं साहेब म्हणले."

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या बढतीचं पत्र तेव्हा देवधरांच्या सहीसाठी थांबलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी मला ते पत्र आठवलं, एवढंच सांगते.

मी म्हणाले, "बोलणं झालं होतं. पण नेमके शब्द मला आता सांगता येणार नाहीत."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. मामा माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता. एखाद्या कामात अनपेक्षित तडा दिसावा तसं ते बघत होते, किती खोल गेलाय ते पाहावं तसं. मग त्यांनी नजर वर उचलली, आणि ती कपाटावर थांबली.

ते उभे राहिले.

"हे कवा आलं?"

"काय?" अधिकारी म्हणाला.

"इमान."

अधिकारी नवीन होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं मागं वळून पाहिलं आणि साधेपणानं सांगितलं, "ते होय? ते हॉटेलवाल्यांनी परत पाठवलेलं. पाहुणे तिथंच सोडून गेले म्हणे. मी यायच्या आधीपासून आहे इथं."

विमान एका कुशीवर झुकलेलं होतं. तुटलेली होडी शेजारी आडवी. पंखावर फायलींचा गठ्ठा टेकलेला. धूळ इतकी, की रंग कळत नव्हता.

"काढू का खाली?" मामांनी विचारलं.

"आत्ता नको. कंपनीची वस्तू आहे ती."

मामा बसले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मी त्यांच्याकडं पाहू शकले नाही, म्हणून त्या हातांकडं पाहत होते. शेवटी त्यांना सांगण्यात आलं की राजीनामा दिलात तर पोलिसांत जाणार नाही. त्यांनी कागद पुढं ओढला, खिशातली पट्टी काढून सहीच्या जागेखाली धरली आणि सरळ रेषेत नाव लिहिलं. किसन रामजी सोन्नर.

दारात ते थांबले. बूट बाहेर काढून आले होते. ते घालताना म्हणाले, "मला सांगायचं तरी हुतं." हे कुणाला उद्देशून होतं, ते खोलीतल्या बाकीच्यांना कळलं नाही.

महिन्याभरानं मी बजाजनगरला गेले. दार मामींनी उघडलं, पण अर्धंच. घरात नाहीत म्हणाल्या. मामांच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. फळी रिकामी होती. रंगावर सात ठिकाणी फिकट ठसे होते, त्या छोट्या गाड्यांचे.

"विमानं कुठं गेली, मामी?"

"गावाकडं नेली समदी. पोत्यात घालून. कडब्याच्या खोलीत हायेत." दार त्यांनी धरूनच ठेवलं होतं. "उंदरं लई हायेत तिथं. मी म्हणलं, तर म्हणले, असू दे."

मी म्हटलं, मला त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायचंय.

"तुमी नका येऊ, बाई. तुमी येऊन गेला की ते जेवायचे नाहीत." हे त्यांनी अगदी समजुतीनं सांगितलं, घरच्या माणसाला सांगावं तसं. मग दार लावलं.

कपाटावरचं विमान मी नंतर घ्यायला गेले, तर ऑफिसला रंग लागला होता आणि सामान हललं होतं. ते कुठं गेलं, कुणालाच सांगता आलं नाही. माझं पत्र मात्र वेळेवर आलं.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. आता मी विभागप्रमुख आहे. बाहेरच्या छोट्या शेडमधून आम्ही साच्यांचं काम करून घेतो, आणि ते तपासायला मला जावं लागतं. वाळूजच्याच एका गल्लीत एक शेड आहे. मालक शेखभाई, तोंडभर बोलणारा माणूस. "आओ मॅडम, आओ. तुमचा साचा तयार आहे. नवीन चाचा ठेवलेत. उनका हात देखो तुम."

चाचा म्हणजे मामा होते. सुरक्षेच्या चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधलेला. अंग उतरलं होतं. आमच्याच कारखान्याचा साचा त्यांच्यापुढं होता. बाकावर, खिडकीत, कुठंही लाकडाची एक ढलपीसुद्धा नव्हती. मी मुद्दाम पाहिलं.

"नमस्कार, म्याडम," ते म्हणाले. "तपासा."

मी तपासला. चूक असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. नव्हती. एका कोपऱ्याला शेवटचा हात द्यायचा राहिला होता. शेखभाई कागद आणायला आत गेले. मामांनी हातातला ग्राइंडर चालू केला आणि कोपऱ्यावर वाकले. पत्र्याच्या शेडमध्ये त्या आवाजात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही.

मी बोलले. त्या आवाजातच बोलले. देवधर काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द, मला ते कसे पहिल्यापासून आठवत होते, हॉटेलचा फोन कधी आला, दीड वर्ष मी काय केलं, सगळं. माझे ओठ हलत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मामांनी मान वर केली नाही. ठिणग्या उडत होत्या.

मग त्यांनी ग्राइंडर बंद केला. चष्मा कपाळावर सरकवला.

"काय म्हणलात?"

शेड एकदम शांत होती. दाराशी शेखभाई कागद घेऊन उभे होते.

"काही नाही," मी म्हटलं. "गोलाई चांगली आलीय."

मामांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग चष्मा खाली ओढला, दोरा कानामागं नीट बसवला आणि म्हणाले, "जरा बाजूला व्हा. कचरा डोळ्यात जाईल."

आणि त्यांनी ग्राइंडर पुन्हा चालू केला.